स्कॉटलंडमध्ये लष्करी सामान विकण्याआधी

बर्गन (लष्करी पाठपिशवी), हेल्मेट किंवा बूट विकायला काढण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: वस्तू आज कोणाच्या मालकीची आहे? सैनिकाला वापरायला दिलेले सामान ब्रिटिश सरकारचेच राहते. ते झिजले, फाटले, कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिले, तरी मालकी बदलत नाही.

लष्करात असाल तर '११५७' ही सामानाची नोंद आधी काढा. परत करायची वस्तू क्वार्टरमास्टरच्या (सामान सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) स्टोअरमध्ये जमा करा आणि नोंदीतून कमी झाल्याची खात्री करूनच बाहेर पडा. 'हरवली' असे लिहून देऊन मागून विकणे सर्वांत वाईट. चोरीच्या जोडीला खोटेपणाही चिकटतो.

इंग्लंड-वेल्समधला चोरीविषयीचा १९६८चा थेफ्ट अ‍ॅक्ट स्कॉटलंडला लागू नाही. तिथे चोरी हा कॉमन लॉचा, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याचा गुन्हा आहे. वस्तू मुळात रीतसर मिळाली होती, हा बचाव टिकत नाही. मालकाच्या संमतीविना ती आपली म्हणून विकली की चोरी झाली. खटला प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे तिथला सरकारी वकील चालवतो. शेरीफ कोर्टात (तिथल्या स्थानिक न्यायालयात) ज्युरीविना १२ महिन्यांपर्यंत, ज्युरीसमोर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सेवेतल्या माणसावर लष्करी कारवाई झाली तर गंमत अशी की, आर्म्ड फोर्सेस अ‍ॅक्ट २००६चे कलम ४२ इंग्लंड-वेल्सचा कायदा लावते, म्हणजे थेफ्ट अ‍ॅक्ट मागच्या दाराने येतोच. शिवाय सरकारी मालमत्तेच्या गैरवापरासाठी कलम २५ आहे.

विकत घेणाराही सुटत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून ठेवला, तर तो 'रीसेट' नावाचा गुन्हा. संशय येऊनही मुद्दाम डोळे झाकले, तरी अंगाशी येते. म्हणून पावती मागा: ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने विकलेल्या जुन्या मालाची साखळी कागदावर दिसली पाहिजे. सरकारी मालकी दाखवणारी बाणाची खूण किंवा १३ अंकी एनएसएन (नाटोचा साठा क्रमांक) असणे म्हणजे चोरी नव्हे, कारण रीतसर विकलेल्या मालावरही त्या असतात. पण मालकी लपवण्यासाठी खूण खरवडणे हा १८७५च्या पब्लिक स्टोअर्स अ‍ॅक्टखाली वेगळा गुन्हा आहे. जुन्या वस्तूंचा धंदाच करत असाल, तर परवाना लागतो का हे स्थानिक कौन्सिलला विचारा.

जिवंत काडतूस किंवा स्फोटक सापडले तर हलवू नका, पोलिसांना फोन करा. चिलखती जाकीट किंवा रात्रीची दुर्बीण परदेशी ग्राहकाला पाठवायची असेल, तर मालकी स्वच्छ असूनही निर्यात परवाना लागू शकतो; पार्सल बांधण्याआधी तपासा.