भुताच्या सिनेमात ऊन पडू देऊ नका
ठाण्याजवळच्या येऊरच्या बंगल्यात कमी पैशांत उरकलेल्या एखाद्या भुताच्या सिनेमाची रिळं डिस्कसाठी साफ करताय? आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म (जुन्या रिळांची प्लास्टिकसारखी पट्टी) कुजायला लागलीय. ठाण्याच्या दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. ती रिळं वेगळी काढा, प्रोजेक्टरवर न चढवता स्कॅनिंगला द्या.

खरी गंमत पुढेच. असल्या सिनेमात ‘रात्र’ बऱ्याचदा भर दुपारी शूट केलेली असते, काळोख लॅबमध्ये प्रिंट काढताना आणलेला. नुसती निगेटिव्ह स्कॅन केली की हडळ चक्क उन्हात फिरते! म्हणून जुनी थिएटर प्रिंट शेजारी ठेवा. रंग उडालेला असला तरी कुठे किती अंधार हवा, ते तीच सांगते. आणि ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारे फिल्मचे बारीक दाणे, पार पुसू नका, चेहरे मेणाचे दिसतात.