घरातील छोटा मीडिया सर्व्हर: सुटे भाग कोणत्या क्रमाने निवडावेत

घरातील छायाचित्रे, लग्नामुंजीची चित्रणे, गाणी आणि चित्रपट एका जागी साठवून ते दिवाणखान्यातील टीव्हीवर आणि घरातल्या प्रत्येक मोबाइलवर दाखवणारा छोटा संगणक स्वतः जुळवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्याचे भाग योग्य क्रमाने निवडणे. दुकानात गेल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारतात, कारण कामाचा किंवा गेमिंगचा संगणक घेताना तशीच सवय लागलेली असते. हा संगणक मात्र वर्षभर चोवीस तास चालू राहणार असतो, त्यात साठलेले बरेच काही पुन्हा विकत मिळणारे नसते, आणि एखादा भाग बिघडला तर तो आपल्या कोल्हापुरात लगेच मिळेल का, हा प्रश्न आज ना उद्या समोर येतोच. म्हणून माझा आग्रह असा आहे की आधी डिस्क ठरवाव्यात, त्यानंतर कॅबिनेट, त्यानंतर मदरबोर्ड व प्रोसेसर, आणि विजेचा विचार प्रत्येक टप्प्यावर सोबत ठेवावा.

किती जागा लागेल याचा अंदाज कागदावर मांडावा. जुन्या लग्नाच्या तीन डीव्हीडी असतील तर त्या जेमतेम चौदा जीबी भरतात, कारण साध्या एकपदरी डीव्हीडीची क्षमताच ४.७ जीबी असते. जागा खाते ते आजचे मोबाइल. फोर-के चित्रण केले तर मिनिटाला साधारण दोनशे ते चारशे एमबी खर्च होतात, आणि घरात चार फोन असतील तर एका नवरात्रातच हिशेब बदलतो. शिवाय ४ टीबीची डिस्क संगणकावर सुमारे ३.६ दिसते, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे, फसवणूक नाही. आज जेवढा साठा आहे त्याच्या किमान दुप्पट क्षमता घ्यावी आणि तेवढ्याच दोन डिस्क घेऊन दोन्हींवर एकच मजकूर राहील अशी आरशासारखी जोडणी करावी. एकूण खर्चातला निम्मा वाटा या दोन डिस्कनी घेतला तरी तो योग्यच समजावा.

डिस्क घेताना सर्वांत महत्त्वाचा तपशील बहुधा खोक्यावर छापलेला नसतो. हार्ड डिस्कमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मजकूर मावतो, पण मधली एक पट्टी बदलायची झाल्यास तिच्या पुढच्या अनेक पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून नुसते वाचायचे असेल तर हे चालते. मात्र जोडीतली एक डिस्क निकामी होऊन नव्या डिस्कवर सगळा साठा पुन्हा उतरवायची वेळ आली की एसएमआर डिस्क कमालीची संथ होते, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे एकच प्रत शिल्लक असते. डेस्कटॉपसाठी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डिस्कपैकी अनेक, तसेच २.५ इंची डिस्कपैकी एक टीबीच्या वरच्या बहुतेक, याच प्रकारच्या असतात. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ या मालिका सीएमआर आहेत. अन्य कोणतीही घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डिस्क घरी आल्यावर तिच्यात काहीही भरण्याआधी तिच्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदी, पाहाव्यात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे प्रोग्राम त्या दाखवतात. पॉवर-ऑन अवर्स या ओळीत नव्या डिस्कवर शून्य किंवा एखाद-दुसरा तास दिसायला हवा. हजारोंचा आकडा दिसला तर ती डिस्क कोठेतरी वापरून पुन्हा खोक्यात भरलेली आहे, हे निश्चित. क्रमांक ५ ची ओळ निकामी होऊन बदललेले भाग मोजते आणि क्रमांक १९७ ची ओळ संशयास्पद भाग मोजते. या दोन्ही ठिकाणी शून्याखेरीज काहीही असेल तर डिस्क त्याच दिवशी परत करावी. क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो, आणि नवी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) लावून तो मिटतो. त्यानंतर पूर्ण पृष्ठभागाची दीर्घ चाचणी लावून द्यावी. मोठ्या डिस्कला त्यासाठी रात्रभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, पण ती टाळू नये.

दोन डिस्क ठरल्या की कॅबिनेटचा आकार आपोआप ठरू लागतो. सर्वांत लहान प्रचलित मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर, आणि त्याहून मोठा मायक्रो-एटीएक्स, म्हणजे २४४ बाय २४४ मिलिमीटर. टीव्हीखालच्या कप्प्यात बसेल म्हणून सगळ्यांचा ओढा पहिल्याकडे असतो. मी मात्र कोल्हापुरात राहणाऱ्याला, जागा अगदीच अपुरी नसेल तर, लहानशा मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटचाच सल्ला देईन. इथल्या दुकानांत रोजचा खप आहे तो मायक्रो-एटीएक्स बोर्डांचा आणि साध्या एटीएक्स मापाच्या एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. मिनी-आयटीएक्स बोर्ड किंवा छोट्या एसएफएक्स मापाचा एसएमपीएस बहुधा पुण्याहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. सुरुवातीला त्याने बिघडत नाही, परंतु तीन वर्षांनी एसएमपीएस जळाला तर संध्याकाळी दुकानात जाऊन नवा आणणे आणि आठवडाभर पार्सलची वाट पाहणे, यांत मोठा फरक आहे. दिवाणखान्यात ठेवायचे असल्यास १२० किंवा १४० मिलिमीटरचा, संथ फिरणारा चार पिनांचा पंखा बसेल असे कॅबिनेट निवडावे. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, तेही मिलिमीटरमध्ये तपासून घ्यावे.

मदरबोर्डवर पाहायचे ते साटा पोर्ट किती आहेत आणि एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची, जागा कशी आहे. काही बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी बसवताच एखादा साटा पोर्ट बंद पडतो. ही गोष्ट पुस्तिकेतल्या एका बारीक टिपेत दिलेली असते आणि ती वाचली नाही तर माणूस डिस्कला दोष देत बसतो. ऑपरेटिंग प्रणालीसाठी २५६ जीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, पुरते. मोठ्या डिस्कवर प्रणाली ठेवू नये, कारण मग त्या कधीच शांत बसत नाहीत. पोर्ट कमी आहेत म्हणून मुख्य डिस्क यूएसबी खोक्यांत लावणे मला मान्य नाही, कारण ती जोडणी मध्येच तुटते आणि जोडीतली एक प्रत मागे पडते. रॅम आठ जीबी चालते. छायाचित्रांतील चेहरे ओळखणारे इमिचसारखे प्रोग्राम चालवायचे असतील तर सोळा घ्यावी.

आता प्रोसेसर. या यंत्रात त्याचे एकच जड काम असते, ते म्हणजे एका स्वरूपातील चित्रण टीव्हीला किंवा मोबाइलला समजेल अशा दुसऱ्या स्वरूपात चालता चालता बदलणे, म्हणजेच ट्रान्सकोडिंग. हे काम प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यांनी (कोअर) करायचे म्हटले तर ते धापा टाकतात, पण त्याच चिपमधल्या ग्राफिक्सच्या खास भागाकडे सोपवले तर काही वॅटमध्ये पार पडते. इंटेल या सोयीला क्विक सिंक म्हणते आणि २०११ पासून ती देते. म्हणूनच क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर इथे घेऊ नये. कोअर आय३-१२१००एफ हा आय३-१२१०० पेक्षा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्सच नाही. गेमिंगवाल्यांना त्याने अडत नाही, आपले सगळे काम त्यावाचून अडते. २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० हा चार गाभ्यांचा, सहा वॅट गटातला प्रोसेसर घरगुती वापराला पुरून उरतो. दहा-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही चित्रणाची तिन्ही स्वरूपे तो ग्राफिक्समार्फत उलगडतो. तो बोर्डलाच जोडलेला येतो, त्याला रॅमची एकच वाहिनी असते आणि अशा बहुतेक बोर्डांवर साटा पोर्ट एक-दोनच असतात. दोन डिस्कपुरते पाहायचे असेल तर दोन पोर्टांचा एन१०० बोर्ड, आणि पुढे चार डिस्क किंवा इतर कामे वाढणार असतील तर आय३-१२१००, अशी निवड मी सुचवीन. एएमडीचा रायझन ५ ५६००जी चांगला आहे, परंतु त्याचे ग्राफिक्स एव्ही१ उलगडत नाही.

जुन्या डीव्हीडींचा मुद्दा इथे विसरू नये. आपल्याकडील लग्नाच्या किंवा खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या जुन्या चित्रणात ७२० बाय ५७६ चे चित्र सम-विषम ओळींत विभागलेले असते. मल्लाने झटक्यात डाव टाकला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात, त्या यामुळेच. जेलिफिनसारख्या मुक्त सर्व्हर प्रोग्राममध्ये डीइंटरलेसिंग सुरू केले की हेच ग्राफिक्स त्या रेघा काढून टाकते. ओटीटीसाठी मात्र या संगणकावर विसंबू नये. लिनक्सवरील ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्स फोर-के चित्र देत नाही, तिथे टीव्हीतलेच ॲप वापरावे. टीव्हीला थेट जोडायचे असल्यास बोर्डवरील एचडीएमआय २.० किंवा पुढचे असावे, कारण १.४ वर फोर-के सेकंदाला तीसच चौकटींवर थांबते. नेटवर्कसाठी साधे गिगाबिट पोर्ट पुरते: त्यातून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, तर फोर-के ब्लू-रेची कमाल गरज वीस एमबीच्या आत आहे.

विजेचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. सतत २० वॅट ओढणारे यंत्र वर्षाला १७५ युनिट घेते आणि सतत ६० वॅट ओढणारा जुना डेस्कटॉप ५२५ युनिट घेतो. फरक महिन्याला २९ युनिटांचा दिसतो, पण महावितरणचे दर टप्प्यांचे असल्याने हे युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्यावर चढतात. ज्यांचा वापर १०० किंवा ३०० युनिटांच्या काठावर आहे, त्यांना ते चटकन जाणवते. म्हणून माळ्यावरचा जुना संगणक फुकट पडला आहे, तोच वापरू, हा विचार दिसतो तेवढा स्वस्त नाही.

एसएमपीएस मोठा घेतला म्हणजे चांगला, असे इथे होत नाही. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचे ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के २० टक्क्यांपासून पुढच्या भारावरील कार्यक्षमता सांगतात. ५५० वॅटच्या एसएमपीएसवर आपला २० वॅटचा भार चार टक्केही भरत नाही, आणि तिथे तो शिक्का काहीच सांगत नाही. नामांकित कंपनीचा ३०० ते ४५० वॅटचा पुरेसा आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन अगदी लहान अडॅप्टरही घेऊ नये, कारण ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना बारा व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते, म्हणजे चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर काही सेकंद शंभर वॅट लागतात. मोलेक्स या जुन्या चार पिनी वीजजोडावरून साटा डिस्कला वीज देणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त जोड वापरू नयेत. ते आतून वितळून पेटल्याचे प्रकार घडलेले आहेत.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. त्याच्या मागच्या बाजूला बहुधा एक छोटा खटका असतो, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असे दोन पर्याय लिहिलेले असतात. पंखे आणि दिव्यांसाठी तो नॉर्मलवर ठेवलेला असतो आणि मग वीज जाऊन बॅटरीवर येईपर्यंतचा खंड संगणकाला सहन होईलच असे नाही, कारण एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. खटका यूपीएसवर करावा आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, असावा. त्याहून उत्तम म्हणजे यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस. बॅटरी संपत आली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक डिस्क नीट बंद करून थांबतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनी सॉकेटला बऱ्याचदा अर्थिंगच जोडलेले नसते. कॅबिनेटच्या धातूला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी वायरमनला बोलवावे. वळवाच्या पावसात, विजा कडाडत असताना, गच्चीवरून आलेली केबल टीव्हीची वायर त्याच टीव्हीला जोडलेली असेल तर धोका एचडीएमआयमार्गे संगणकापर्यंत पोहोचतो. ती वायर काढून ठेवावी.

ठेवण्याची जागा हवेशीर असावी आणि जमिनीपासून उंच असावी. पाली आणि झुरळे आत शिरणार नाहीत अशी बारीक जाळी प्रत्येक भोकाला हवी. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत यंत्र बंद करून ठेवण्यापेक्षा चालू ठेवलेले बरे, कारण आतल्या उबेने ओल धरत नाही. डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहील एवढा वारा मिळावा. शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या सखल भागांतील रहिवाशांना २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर वेगळे सांगायला नको, पण आरशासारखी जोडलेली दुसरी डिस्क पहिलीच्याच शेजारी असते आणि पाणी दोघींना एकदमच गाठते. त्यासाठी तिसरी, सुटी डिस्क घ्यावी, तिच्यावर दर महिन्याला प्रत उतरवावी आणि ती पूररेषेबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी. ही डिस्क एसएमआर असली तरी चालते.

सगळे जुळल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचे याचा पर्याय शोधून तो ‘पॉवर ऑन’वर ठेवावा, नाहीतर दुपारी वीज जाऊन आली की संध्याकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत सर्व्हर बंदच राहतो. डिस्कचे अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि कोणती डिस्क कोणत्या पोर्टला आहे हे कागदावर लिहून तो बिलाच्या छायाप्रतीसह कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. मूळ बिल मात्र वेगळे जपावे, कारण वॉरंटीसाठी तेच मागतात, आणि थर्मल कागदावरची छपाई काळाने उडून जाते.