सुधारित चूल बांधताय? या चुका टाळा

मुळशी खोऱ्यातल्या एका घरात मी बांधलेली चूल सहा महिन्यांनी बघायला गेलो, तर तिच्यावर पितळेचे डबे रचून ठेवलेले. अंगणात तीन दगड मांडले होते आणि काकू तिथं भाकरी करत होत्या. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, लाकूड कमी लागतंय हो, पण तुमच्या चुलीत भाकरी शेकायला जागाच नाही." तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर तिरकी उभी करायची, मग ती टम्म फुगते. माझ्या चुलीचं तोंड होतं बारा सेंटिमीटर. त्यात भाकरीची कडसुद्धा मावत नव्हती.

तेव्हापासून चूल बांधायला गेलो की पहिल्या दिवशी मी माती कालवत नाही. त्या घरचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा स्वयंपाक बघतो. कारण चूल सुधारताना ज्या चुका होतात, त्यातल्या निम्म्या चुलीकडे नुसतं यंत्र म्हणून बघितल्यामुळे होतात. उरलेल्या निम्म्या दोन वेगळी कामं एकच समजल्यामुळे.

ती दोन कामं अशी. लाकूड पूर्ण जाळणं हे एक, आणि त्या जाळाची आच भांड्यात उतरवणं हे दुसरं. धूर हा पहिल्या कामातला दोष. सरपण जास्त लागणं हा बहुतेक वेळा दुसऱ्यातला. तीन दगडांच्या साध्या चुलीतही लाकडातली बरीचशी उष्णता मोकळी होते, पण भांड्याला त्यातली साधारण दहा-पंधरा टक्केच मिळते. पाच लिटर पाणी उकळीला आणायला खरं तर शंभर ग्रॅम वाळलेल्या लाकडाची उष्णता पुरते. पंधरा टक्के उपयोग होणाऱ्या चुलीत त्यालाच साडेसहाशे ते सातशे ग्रॅम लाकूड जातं. उपयोग तीस टक्क्यांवर नेला, तर साडेतीनशेच्या आसपास भागतं. आंघोळीच्या पाण्यासाठी रोज चूल पेटणाऱ्या घरात हा फरक डोक्यावरच्या मोळीत दिसतो.

भांडं जाळात बुडवू नका

"भांडं खाली घ्या, आच जास्त लागेल," हा सल्ला मी स्वतः कितीतरी वर्षं दिला. आच जास्त लागते हे खरं, पण पेटत्या ज्वाळेला गार भांड्याचं बूड लागलं की ती तिथंच विझते आणि अर्धवट जळलेला वायू धूर होऊन बाहेर येतो. भांडं उलटं करून बूड बघा. काजळी जाड आणि चिकट, तेलकट असेल, तर ज्वाळेला पूर्ण जळायला उंची मिळालेली नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट चूल घडवली, ती नेमकी या अडचणीवर. आडव्या तोंडातून लाकूड आत सरकतं आणि जाळ एका उभ्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या नळीतून वर चढतो. नळीची उंची तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात. म्हणजे बारा सेंटिमीटर रुंद नळी असेल, तर उंची छत्तीसच्या जवळपास. तेवढ्या वाटेत धूर बराचसा स्वतःच जळून जातो आणि भांड्यापर्यंत पोचते ती बरीच स्वच्छ, तापलेली हवा.

मग आच उतरवायची कशी? भांड्याखालची फट मोजून. इथं गणित सोपं आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत. नळी १२ बाय १२ असेल, तर तिचं तोंड १४४ चौरस सेंटिमीटर. तापलेल्या हवेला पुढच्या सगळ्या वाटेवर साधारण तेवढीच जागा मिळाली पाहिजे. नळीचा घेर ४८, म्हणून नळीच्या कडेवर भांड्याखाली ३ सेंटिमीटर फट. भांडं २४ सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर त्याचा घेर ७५, म्हणून भांड्याच्या कडेला जेमतेम २ सेंटिमीटर. चुलीचा माथा सपाट ठेवण्याऐवजी कडेकडे किंचित वर चढत नेला की ही फट आपोआप साधते आणि हवा भांड्याला घासत जाते. फट याहून फार मोठी झाली, तर आच बाजूनं निसटते. फार लहान झाली, तर जाळ गुदमरतो आणि धूर पुढच्या तोंडातून परत येतो. गावोगाव घरातलं भगुनं, टोप, तवा यांची मापं वेगळी असतात, म्हणून चूल बांधण्याआधी रोजचं भांडं मागून घ्या आणि ते समोर ठेवूनच माथा घडवा.

जाड माती म्हणजे चांगली चूल नव्हे

हा गैरसमज सगळ्यात हट्टी आहे. "जाड भिंत उष्णता धरून ठेवते," असं गवंडीही सांगतात. धरून ठेवते, पण ती भांड्याच्या वाटेची उष्णता असते. चाळीस किलो मातीची चूल सरासरी दीडशे अंशांनी तापवायची, तर एका पेटवणीला तीनशे ग्रॅमहून जास्त लाकडाची उष्णता नुसत्या भिंती पितात. शिवाय पहिला अर्धा तास भिंती गार असतात, म्हणून जाळही गार राहतो आणि धूर होतो. सकाळच्या चहाला डोळे झोंबतात आणि दुपारच्या भाताला झोंबत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा हेच.

जाळाला लागणारी भिंत पातळ ठेवा आणि तिच्याभोवती हलकं, हवा धरून ठेवणारं काहीतरी भरा. आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे चाळलेली कोरडी राख. चपट्या विटा किंवा जुन्या कौलांचे तुकडे उभे लावून नळी करायची, चार बोटं जागा सोडून बाहेरची मातीची भिंत उचलायची आणि मधल्या जागेत राख. ती ओली झाली, तर काही उपयोग नाही. कोकणात आणि मावळात पावसाळ्यात जमिनीतून ओल चढते, म्हणून खाली दगडाचा किंवा विटांचा थर हवाच.

नळी सिमेंटची करू नका. जाळाच्या उष्णतेत सिमेंट भुसभुशीत होऊन ढासळतं. पातळ पत्राही थोड्याच दिवसांत जळून त्याचे पापुद्रे निघतात. बाहेरच्या भिंतीसाठी चिकणमाती, रेती, शेण आणि बारीक केलेलं भाताचं काड किंवा तूस हे जुनं मिश्रणच उत्तम. ती सावलीत सावकाश वाळू द्या. दुसऱ्याच दिवशी पेटवली, तर तडे जाणारच. बारीक तडे त्याच मातीच्या पातळ गाऱ्यानं बुजवता येतात.

लाकूड कोंबणं

तोंड मोठं असलं की घरातलं कोणीही त्यात ओंडका सारतं, आणि सगळा ओंडका एकदम धुमसू लागतो. चुलीत लाकडाचं फक्त टोक जळायला हवं. लाकूड टेकायला तोंडात एक लोखंडी पट्टी आडवी बसवा आणि तिच्याखालून हवा जाऊ द्या. हवा निखाऱ्यांखालून आली पाहिजे. लाकडावरून आली तर ती जाळ नुसता गार करते. निखाऱ्यांखाली जाळी नसेल आणि राख साचून ती वाट बंद झाली, तर मग दिवसभर फुंकणी हातात.

पऱ्हाट्या, तुराट्या असतील तर त्या भराभर जळतात. अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्या बऱ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो पाणी वाफ होऊन जाताना साधारण एकशे सत्तर ग्रॅम सुक्या लाकडाची उष्णता घेऊन जातं. त्याहून वाईट म्हणजे त्या वाफेनं नळी गार पडते. पावसाळ्याचं सरपण उन्हाळ्यातच फोडून, वाळवून, आडोशाला रचून ठेवायला सांगा. चूल कितीही चांगली असली, तरी ओल्या लाकडाला तिच्याकडे उत्तर नाही.

धुराडं आणि वैल

वैल, म्हणजे मुख्य जाळाच्या मागे दुसऱ्या भांड्यासाठी ठेवलेलं तोंड, असलेल्या चुलीत धूर घरात येत असेल, तर आधी वैलाकडे बघा. त्यावर भांडं नसेल, तर धुराड्याला ओढ कशी राहणार? सगळी गार हवा तिथूनच आत शिरते. वैलावर पाण्याचं भांडं कायम असू द्या, आणि ते खोलगटात नीट बसेल असं घडवा. वैलाखालच्या वाटेत मातीचा छोटा उंचवटा ठेवला, तर जाळ वर उठून भांड्याच्या बुडाला घासतो. तो नसेल तर आच तळानंच सरळ धुराड्यात जाते.

धुराडं छपरापेक्षा चांगलं वर जायला हवं आणि महिन्याला साफ व्हायला हवं. सगळ्या चुलींत मी हेच काम विसरलेलं पाहिलंय. पाइपाच्या कोपऱ्यात काजळी काढायला झाकण ठेवलं नाही, तर ते कधीच होत नाही.

पुन्हा भाकरी

देशात १९८०च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात तीन कोटींहून जास्त चुली बांधल्या गेल्या. बऱ्याच चुली पुढे मोडल्या किंवा मुळशीतल्या त्या चुलीसारख्या बाजूला पडल्या. आता गॅस आल्यावर चहा आणि फोडणी गॅसवर होते. चुलीकडे उरतात भाकरी, आंघोळीचं पाणी, गुरांची आंबवण. म्हणजे चूल नेमक्या त्याच कामांसाठी बांधायला हवी, आणि आपण मापं धरतो भाताच्या पातेल्याची.

काकूंची चूल मी पुन्हा बांधली. नळी तीच ठेवली, पण तोंडापुढे वीतभर रुंद, आतल्या बाजूला किंचित उतरता ओटा केला. दोन बाजूंना बोटभर जाड कठडे. भाकरीच्या वेळी काकू निखारे त्या ओट्यावर ओढतात, भाकरी कठड्याला टेकवतात, आणि झालं की निखारे परत आत लोटतात. निखाऱ्यांतूनही विषारी वायू निघतो, म्हणून त्या वेळी खिडकी उघडी असलीच पाहिजे. हे मी दर भेटीत सांगतो. तव्यासाठी वेगळं लोखंडी कडं दिलं, कारण तवा भगुन्यापेक्षा पसरट असतो आणि त्याला फट कमी लागते.

चूल खरंच सुधारली का, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एक ताणकाटा पुरे. जुन्या चुलीवर तीन दिवस, नव्यावर तीन दिवस, माणसं तीच आणि स्वयंपाक तोच. सकाळी लाकडाची मोळी तोला, रात्री उरलेली तोला. मात्र नवी चूल वाळून पंधरा दिवस वापरात आल्यावरच मोजा, आणि लाकूड घरातल्या बाईनंच लावावं; तुम्ही लावलंत तर आकडा तुमचा येईल. काकूंकडे पहिल्या दिवशी वजन कमी भरलं नाही. चौकशी केली तर जाळीखालची राख कोणी काढलीच नव्हती. ती काढली, आणि तिसऱ्या दिवशी मोळी अर्ध्यावर शिल्लक होती.