वॉर्डात कुणाला काय म्हणावं: सिस्टर, इन्चार्ज आणि नर्स प्रॅक्टिशनर

केईएम असो, नायर असो की सायन, नातेवाईक दिसेल त्या बाईला 'सिस्टर' म्हणतात. मग सलाईन संपत आल्याचं सांगितलं जातं मावशींना, त्या दुसऱ्या पेशंटचं बेडपॅन घेऊन निघालेल्या असतात आणि निरोप तिथेच राहतो. म्हणून हाक मारण्याआधी बिल्ला वाचा.

सरकारी मराठीत अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, परिसेविका म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, अधिसेविका म्हणजे मेट्रन. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचं पद आता 'नर्सिंग ऑफिसर' असं लिहितात. हाक मात्र आडनावासकट मारावी, 'कदम सिस्टर', 'पवार ब्रदर'. 'ए सिस्टर' किंवा 'शुक शुक' कुणालाच नको, मावशी-मामांनाही नको. औषध, सलाईन, दुखणं हे त्या पाळीच्या सिस्टरना सांगा; तक्रार असेल तर आधी इन्चार्जना, मग मेट्रनना. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला पेशंटची माहिती सोपवणं, चालू असतं, तेव्हा तातडीचं सोडून दुसरं काही विचारू नका. मध्येच तोडलं की एखादा डोस सांगायचा राहून जातो. शिकाऊ मुलीला 'सुई काढ' म्हणू नका, तिच्या सोबतच्या स्टाफला सांगा.

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पुढचं खास शिक्षण घेतलेली परिचारिका, हे पद मात्र नीट समजावून सांगावं लागतं. त्याचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. तिथल्या अनेक राज्यांत या परिचारिका स्वतः तपासून औषध लिहून देतात. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर (अतिदक्षता) नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम बीएस्सी नर्सिंगनंतर दोन वर्षांचा, तर मिडवाइफरीचा (बाळंतपणाच्या सेवेचा) अठरा महिन्यांचा. तिकडचे अधिकार इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. इंटरनेटवर वाचून आलेल्या नातेवाइकांचा घोळ होतो तो इथेच.

त्यामुळे आयसीयूत नर्स प्रॅक्टिशनरने पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगाव्यात: नाव, पद आणि निर्णय कुणाचा. 'नमस्कार आजी, मी जाधव, क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर. आज रात्री तुमच्याकडे मी बघणार आहे, उपचार डॉक्टर ठरवतात, आम्ही सतत त्यांच्या संपर्कात असतो.' एवढ्याने काम होतं. नुसतं 'एनपी' म्हटलं तर कुणाला कळत नाही. पेशंटने 'डॉक्टर' म्हटलं तर तिथल्या तिथे, हसून, पण नक्की दुरुस्त करा. नंतर 'डॉक्टरांनी सांगितलं होतं' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा ते कोण बोललं होतं हे शोधणं अवघड जातं. पीएचडी केलेल्या सिस्टरना कॉलेजात 'डॉ.' म्हणणं योग्यच, पण खाटेपाशी पद आधी सांगावं.

डॉक्टरांनीही राउंडला 'माझी असिस्टंट' असं म्हणू नये. ती शिकून, नोंदणी करून आलेली व्यक्ती आहे. पेशंटसमोर तिचं पद कमी करून सांगितलं की पुढे तिने सांगितलेली पथ्यं आणि व्यायाम पेशंट पाळत नाही. 'या जाधव सिस्टर, नर्स प्रॅक्टिशनर, रात्रीचं सगळं यांना माहीत आहे' असं म्हणावं आणि प्रश्न थेट त्यांनाच विचारावा.

केसपेपरवर नुसती सही पुरत नाही. सहीखाली वाचता येईल असं नाव, पूर्ण पद, नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहा. फोनवर ऑर्डर घेतली तर ती वाचून दाखवा आणि देणाऱ्याचं नाव शेजारी टिपा.