महाराष्ट्र आणि कर्नाटक: जीवनमानाची तुलना कशी करावी

दोन राज्यांची तुलना म्हटली की आधी दरडोई उत्पन्न काढलं जातं, आणि गाडी तिथेच रुळावरून उतरते. हा आकडा राज्यात किती उत्पादन झालं ते सांगतो, घरात किती पैसा आला ते नाही. मुंबई-बंगळुरूतल्या कंपनीचा नफा भागधारकाच्या खिशात जातो, मग तो कुठेही राहत असो. घरातली परिस्थिती पाहायची तर घरगुती उपभोग खर्च पाहणी (२०२३-२४) घ्या. तीही ग्रामीण आणि शहरी अशी वेगवेगळी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४५ टक्के लोक शहरी होते, कर्नाटकात ३९. एकत्र सरासरी काढली तर फरकाचा काही भाग नुसत्या शहरीकरणाचाच निघू शकतो.

मग महागाई. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन राज्यांचे ग्राहक किंमत निर्देशांक शेजारी ठेवणं. ज्याचा निर्देशांक जास्त तिथे आधारवर्षापासून (ज्या वर्षीचे भाव १०० धरतात तिथपासून) भाव जास्त वाढले, एवढंच कळतं. आज तिथे जगणं महाग आहे असा अर्थ होत नाही. भावपातळीसाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीच्या राज्यनिहाय दारिद्र्यरेषा (एकाच किमान राहणीमानाला त्या त्या राज्याच्या भावांत लागणारा खर्च) उपयोगी पडतात. २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती, कर्नाटकाची ९०२. ९६७ भागिले ९०२ म्हणजे १.०७, म्हणून खेड्यातल्या खर्चाची तुलना करताना कर्नाटकाचा आकडा १.०७ने गुणायचा. गुणोत्तर जुनं आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

आरोग्य-पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात ३५.२ टक्के, कर्नाटकात ३५.४. हा फरक नाहीच; नमुना पाहणीत एक-दोन टक्के इकडेतिकडे होतातच. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं मात्र २५.६ आणि १९.५ टक्के, आणि इथे थांबून कारणं शोधायला हवीत. तारखाही तपासा. या दोन्ही राज्यांत पाहणी कोविडच्या लाटेआधी, जानेवारी २०२०पर्यंत उरकली होती. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड दुसऱ्या टप्प्यात होते, तिथलं काम २०२१पर्यंत लांबलं. त्यांच्याशी तुलना करताना हे सांगितल्याशिवाय आकडा देऊ नये.

राज्याच्या सरासरीत नंदुरबार आणि पुणे एकाच पोत्यात जातात. म्हणून सीमेवरच्या जोड्या लावा: सोलापूर-विजयपूर, लातूर-बीदर, कोल्हापूर-बेळगाव. पाऊसमान, पिकं, बाजार बरेचसे सारखे असल्याने उरलेल्या फरकात कारभाराचा वाटा जास्त दिसतो. सगळ्या तुलनेत कामाचा भाग हाच. फक्त एक अडचण: आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एका जिल्ह्याचा नमुना सरासरी ९०० घरांचा आहे, आणि लहान मुलं त्याहून कमी. चार-पाच टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष बांधू नका.

शेवटी सगळं मिळून एक गुण काढायचा मोह होतो. नेहमीचं किमान-कमाल सूत्र (सर्वात वाईट आकड्याला ०, सर्वात चांगल्याला १, बाकीचे मधे) दोनच राज्यांना लावलं तर एकाला १ आणि दुसऱ्याला ० मिळतो, अंतर कितीही असो. वरच्या खुजेपणाच्या आकड्यांतून महाराष्ट्राला पैकीच्या पैकी आणि कर्नाटकाला भोपळा! त्याऐवजी मर्यादा बाहेरून ठरवा. मानव विकास निर्देशांकात आयुर्मानासाठी २० वर्षांना ० आणि ८५ वर्षांना १ धरतात. त्या हिशेबाने ७२ वर्षांना ०.८० आणि ७० वर्षांना ०.७७ मिळतात. आणि एकत्रित गुण छापलाच, तर प्रत्येक घटकाला दिलेला भारांक (गुणात त्याचा वाटा किती) त्याच पानावर लिहा.