लाडवातली साखर दिसते, तूप दिसत नाही: वजन उतरवताना गोडाच्या बाबतीत या चुका टाळा

बेसनाच्या लाडवाचं नेहमीचं घरगुती प्रमाण घ्या: पाव किलो बेसन, १२५ ग्रॅम तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर. सगळ्याच्या मिळून साधारण २,९०० कॅलरी होतात. त्यात तुपाच्या १,१२५, बेसनाच्या सुमारे ९५० आणि साखरेच्या ८००. ज्या साखरेच्या नावाने आपण बोटं मोडतो, ती चक्क तिसऱ्या नंबरवर. गोड सांभाळून खाणाऱ्यांच्या बऱ्याच चुका हा हिशेब न मांडल्यामुळे होतात.

‘गुळाचा आहे, मग चालतो’

१०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. वरच्या प्रमाणात लिंबाएवढे, म्हणजे ४० ग्रॅमचे १४ लाडू होतात, प्रत्येकी सुमारे २०० कॅलरींचे; एका लाडवात साखर असते १४ ग्रॅम. तिथे गूळ घालून वाचल्या किती? तीन कॅलरी. चवीसाठी गूळ जरूर घाला, वजनासाठी नको.

खजुराच्या लाडवांची गंमत याहून मोठी. पाव किलो बिनबियांचा खजूर, १५० ग्रॅम सुकामेवा आणि मोठा चमचाभर तूप यांचे १६ लाडू केले तर एकेक १०५ ते ११० कॅलरींचा होतो. लाडू चांगलाच आहे, पण ‘बिनसाखरेचे’ म्हणून येता-जाता तीन तोंडात टाकले की बेसनाचे दीड लाडू खाल्ल्यासारखंच.

‘शुगर फ्री’वर सगळा भरवसा

त्याच बेसन लाडवात साखरेऐवजी गोळी किंवा पावडर वापरली तर २०० पैकी ५५-६० कॅलरी जातात, उरलेल्या तशाच. मिठाईच्या खोक्यावर काय नाही हे मोठ्या अक्षरात असतं; तुम्ही मागे वळवून १०० ग्रॅमला ऊर्जा किती ते वाचा. माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो एक गोडवा) घातलेली मिठाई जास्त झाली तर पोट फुगतं, जुलाबही होतात. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं (ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं).

असे गोडवे वापरायचेच असतील तर त्यातलं ॲस्पार्टेम खीर उकळताना घालू नका, उष्णतेने त्याची गोडी जाते. गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर घाला. सुक्रालोज हा दुसरा गोडवा उष्णता बऱ्यापैकी सोसतो. पाक मात्र यातल्या कशाचाच होत नाही.

कृतीतलं तूप-साखर आंधळेपणाने कापणं

तूप निम्मं केलं की बेसन नीट भाजलं जात नाही, लाडू वळत नाही आणि खाताना टाळूला चिकटतो. पाकातल्या रवा लाडवात साखर कमी केली की लाडू फुटतो, कारण तिथे साखरेचं काम गोडीपुरतं नसतं, ती रव्याला बांधते. म्हणून प्रमाणाला हात लावू नका, आकाराला लावा. वरच्या बेसनात १४ ऐवजी २८ लाडू वळा. वळताना पहिले दोन वजनकाट्यावर ठेवून २० ग्रॅमचा अंदाज घ्या, पुढचे हाताला आपोआप कळतात. हा मोठ्या सुपारीएवढा लाडू साधारण १०० कॅलरींचा, म्हणजे जवळजवळ एका फुलक्याएवढा. हे समीकरण पुढे कामी येतं.

श्रीखंडाची वाटी

इथे मात्र साखरच गुन्हेगार आहे. अर्धा किलो चक्क्याला ४०० ग्रॅम साखर धरली तर १०० ग्रॅमच्या वाटीत ४४ ग्रॅम साखर जाते, म्हणजे जवळपास नऊ चमचे. आणि बांधणारं काही नसल्यामुळे ती कमी करायला श्रीखंडाइतका सोपा पदार्थ नाही. तरी घरचं कमी साखरेचं श्रीखंड फसतं, ते दोन कारणांनी.

पहिलं, चक्का आंबट. दही आदल्या रात्री लावून सकाळी लागल्या लागल्या टांगा, आणि पाच-सहा तास टांगून ठेवताना उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवा. चक्का आंबला की साखर ओतत राहावी लागते. दुसरं, थंडपणा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी वाढलं तर कमी साखरही पुरते. १०० ग्रॅम चक्क्याला २० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, जायफळ आणि दुधात खललेलं केशर, एवढ्यापासून सुरुवात करा. नेहमीच्या गोडीवरून एकदम इथे उतरलात तर घरचे तोंड वाकडं करतील; दर खेपेला थोडी थोडी कमी करा. पुऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नकोच.

मोजायचं राहून जातं ते

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: ४० ग्रॅम, १६० कॅलरी. १,५०० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ३७ ग्रॅमच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. चहानेच ती मर्यादा ओलांडली, लाडू अजून डब्यातच आहे! आधी चहातला एक चमचा उडवा. उकडीच्या मोदकावर तूप सोडतानाही पळी नको, लहान चमचा घ्या: लहान चमचाभर तूप ४५ कॅलरी, मोठा चमचा १२०.

जेवण झाल्यावर ‘वरून’ खाणं

आपल्याकडे गोड पानातच वाढतात, ती रीत फायद्याची आहे. जेवणासोबत घेतलेल्या गोडाला काहीतरी बाजूला सारून जागा करता येते: छोट्या लाडवाला एक फुलका, दोन मोदकांना भात आणि दोन्ही फुलके. मध्यम पुरणपोळी २५० ते ३०० कॅलरींची. त्या दिवशी साधी पोळी नको, भात नको. कटाची आमटी पातळ असेल तर ती हवी तेवढी घ्या. पुरणाचा दिवस बहुधा भजी-कुरडयांमुळेच हाताबाहेर जातो. ‘संध्याकाळी गोड आहे’ म्हणून दिवसभर उपाशी राहणं हा तर उलटा उपाय. पाचला भुकेने कासावीस झालेला माणूस एका मोदकावर थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर

घाबरून उपास धरू नका. शरीर जास्तीचे कर्बोदक साठवताना दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात खारट-तळकटाची भर. किलोभर चरबी चढायला ७,७०० च्या आसपास जादा कॅलरी लागतात, एका पंगतीत तेवढ्या जात नाहीत. नेहमीचं जेवण सुरू ठेवा आणि तीन-चार दिवस सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन घ्या. आकडा तरीही उतरला नाही, तर चहाचे चमचे पुन्हा मोजा.