रंग न बिघडवता टेपचा आणि स्टिकरचा डिंक कसा काढावा

चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, विसर्जन झाले, गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरली, मखरामागचे कागद आणि दिव्यांच्या माळा काढून झाल्या, की भिंतीवर मागे राहतो तो टेपचा चिकट डिंक. पहिल्या दिवशी तो फारसा जाणवत नाही. पण पंधरवड्यात त्यावर धूळ आणि उदबत्तीचा धूर बसून काळपट पट्ट्या दिसू लागतात, आणि मग घरातले कोणी चाकू, कोणी थिनर, तर कोणी भांडी घासायची तारेची घासणी घेऊन पुढे येते. अशाने डिंक जातो खरा, पण त्याच्याबरोबर रंगही जातो. दाराला लावलेले स्टिकर, गाडीच्या काचेखालच्या पत्र्यावर राहिलेले जुने कागद, फ्रिजवरची लेबले या सगळ्यांच्या बाबतीत हेच घडते. डिंक कोणता आहे याचा विचार बहुतेक जण करतात. त्याआधी खालचा रंग कोणता आहे हे ओळखायला हवे, कारण डिंक विरघळवणारे औषध रंगालाही विरघळवू शकते, आणि कोणते औषध कोणत्या रंगाला चालते यावरच सगळे काम अवलंबून असते.

रंग ओळखण्यासाठी कपाटामागची किंवा दाराच्या बिजागरीजवळची, सहसा न दिसणारी जागा निवडावी. कोरडा तळहात भिंतीवरून फिरवला आणि हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो चुना आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने हलके पुसल्यावर फडक्याला भिंतीचा रंग लागला, तर डिस्टेंपर असण्याची शक्यता मोठी. ओल्या फडक्याला काही लागत नसेल, तर कापसाचा बोळा सॅनिटायझरमध्ये किंवा डॉक्टर इंजेक्शनपूर्वी लावतात त्या स्पिरिटमध्ये भिजवून त्याच जागी थोडे चोळावे: रंग मऊ पडून कापसावर उतरला तर ते पाण्यात मिसळणारे इमल्शन, आणि कापूस स्वच्छ राहिला तर बहुधा ऑइल पेंट. गोव्यातल्या जुन्या घरांत एकाच खोलीत हे सगळे प्रकार सापडतात. भिंतीला वर्षानुवर्षांच्या चुन्यावर चढवलेले डिस्टेंपर, दारांना ऑइल पेंट, आणि आतल्या कपाटाला लाखेचे पॉलिश असते. म्हणून भिंतीवर जे चालले ते दारावरही चालेल असे धरून चालू नये.

आता डिंकाविषयी थोडे. टेपवरचा डिंक वाळून घट्ट होणारा नसतो. तो दाबल्याने चिकटतो आणि कायम मऊ राहावा अशाच रीतीने केलेला असतो. जुन्या कागदी टेपमध्ये रबराचा डिंक असतो, तर हल्लीच्या पारदर्शक टेपमध्ये आणि फोमच्या दुहेरी टेपमध्ये बहुधा ऍक्रिलिकचा. रबराचा डिंक हवा आणि ऊन लागून आधी पिवळा आणि पातळ होतो, मग कडक आणि ठिसूळ बनतो. पश्चिमेच्या उन्हात असलेल्या खिडकीवर दोन उन्हाळे काढलेली टेप म्हणूनच एवढी हट्टी असते. पोस्टर चिकटवण्यासाठी वापरलेली खळ किंवा पाण्यातला डिंक मात्र या दोन्हींहून वेगळा, कारण तो कोमट पाण्यानेच सुटतो. टेपने रंग उचलला जाणे ही अडचण जुनीच आहे. मास्किंग टेप जन्मालाच मुळी त्यातून आली: मोटारींना दोन रंग देणाऱ्या कामगारांचा ताजा रंग चिकटपट्टी काढताना सोलून निघत असे, हे पाहून ३एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली कमी जोराने चिकटणारी कागदी टेप तयार केली.

कामाला सुरुवात करताना टेपचा कागद किंवा प्लास्टिक अजून भिंतीवर असेल, तर आधी ते काढावे, आणि खरे नुकसान याच टप्प्यावर होते. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून, भिंतीपासून वीतभर अंतरावर हलता धरून टेप गरम करावी. भिंतीवर ठेवलेला हात सहज सोसेल एवढीच ऊब पुरते; त्याहून जास्त तापवल्यास इमल्शनचा रंगसुद्धा मऊ होऊन टेपला चिकटू लागतो. मग टेपचे टोक नखाने उचलून ते स्वतःवरच दुमडावे आणि भिंतीला जवळजवळ समांतर ठेवून अतिशय सावकाश मागे ओढावे. टेप भिंतीपासून सरळ आपल्याकडे ओढली, की सगळा जोर रंगाला भिंतीवरून उपटण्यात जातो. झटका देऊन ओढणेही चूक, कारण या प्रकारचा डिंक जेवढ्या वेगाने ओढावा तेवढा जास्त जोराने धरून ठेवतो. सावकाश ओढल्यास कधीकधी डिंकाचा थर भिंतीवर मागे राहतो, हे खरे. पण राहिलेला डिंक नंतर काढता येतो आणि सुटलेला पोपडा परत लावता येत नाही, म्हणून मी नेहमी सावकाशच ओढण्याच्या बाजूने आहे.

उरलेल्या डिंकावर लगेच कोणतेही द्रव ओतू नये. आधी कोरड्या बोटाने तो एकाच दिशेने चोळून पाहावा. बऱ्याचदा त्याच्या बारीक वळ्या होऊन तो गोळा होतो. मग पांढरे, मऊ खोडरबर वापरावे. रंग मजबूत असल्यास, म्हणजे ऑइल पेंट किंवा चांगला बसलेला इमल्शन असल्यास, ताज्या मास्किंग टेपचा तुकडा डिंकावर दाबून उचलावा, पुन्हा दाबावा, पुन्हा उचलावा. डिंक डिंकालाच अधिक धरतो. पाच-सात वेळा असे केल्याने अर्ध्याहून अधिक काम झालेले दिसते. डिस्टेंपरवर आणि चुन्यावर हा प्रयोग करू नये, तिथे टेपबरोबर भुकटी निघून येईल.

यानंतरचे काम रंगाप्रमाणे वेगळे होते. इमल्शनच्या भिंतीसाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब घालून फडके भिजवावे, घट्ट पिळावे आणि डिंकावर पाच ते दहा मिनिटे नुसते दाबून ठेवावे. चोळण्याची घाई करू नये, कारण या कामात जोरापेक्षा वेळ अधिक उपयोगी पडतो. नंतर मऊ फडक्याने गोलाकार पुसून, दुसऱ्या स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढावा आणि कोरडे करावे. इमल्शनवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये. रंग ओळखण्याच्या चाचणीत तोच रंग कापसावर उतरला होता, हे विसरू नये. तकतकीत नसलेल्या इमल्शनवर खोबरेल तेलही टाळावे, कारण असा रंग तेल पिऊन घेतो आणि डिंकाच्या जागी तेलाचा डाग कायम राहतो.

ऑइल पेंटच्या दाराखिडक्यांवर मात्र खोबरेल तेलाइतके सौम्य आणि घरोघरी असलेले औषध दुसरे नाही. तेल डिंकात हळूहळू शिरते, त्याला सुजवते आणि त्याची पकड सैल करते. डिंकावर तेल लावून अर्धा तास थांबावे, मग प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तिरके खरवडावे आणि शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण काढावे. उभ्या दारावर तेल ओघळून जाते ही अडचण असते. त्यावर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचा एक फायदा आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, आणि थिजलेले तेल मलमासारखे दारावर जागच्या जागी राहते. उन्हाळ्यात तेलात भिजवलेला कापूस डिंकावर ठेवून त्यावर प्लास्टिकचा तुकडा लावला तरी चालते. तेलात खाण्याचा सोडा कालवून चोळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तकतकीत रंगावर त्याने बारीक ओरखडे उठतात आणि ती जागा कायमची निस्तेज दिसते.

तेलाने न सुटलेल्या जुन्या, कडक डिंकासाठी रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन फडक्याच्या टोकावर घेऊन, फक्त डिंकावर, अर्ध्या-एक मिनिटापुरते लावावे आणि लगेच पुसावे. रॉकेलनेही काम होते, परंतु त्याचा तेलकटपणा आणि वास मागे राहतो. थिनर आणि नखांचे पॉलिश काढायचे द्रव यांना मात्र रंगवलेल्या कोणत्याही वस्तूजवळ आणू नये. आमच्या पुढच्या दाराला गडद हिरवा ऑइल पेंट होता. त्यावर निवडणुकीच्या दिवसांत कोणी लावलेला स्टिकर काढण्यासाठी मी थिनरचा बोळा फिरवला, आणि मिनिटभरात त्या रंगाला भाजलेल्या वांग्याच्या सालीसारख्या सुरकुत्या पडल्या. शेवटी पूर्ण फळी खरवडून पुन्हा रंगवावी लागली. टर्पेंटाइन, रॉकेल आणि स्पिरिट ही सगळी पेट घेणारी द्रवे आहेत, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि काम देवघराजवळ असेल तर समई आणि निरांजन आधी शांत करावे.

जुन्या दारांविषयी आणखी एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी चढलेल्या थरांची खात्री देता येत नाही. म्हणून अशा दारावरचा डिंक पॉलिश पेपरने कोरडा घासू नये, कारण ती धूळ श्वासावाटे आणि हातांवाटे पोटात जाते, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत अधिक. खरवडणे भागच असेल तर जागा ओली ठेवून खरवडावे, खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि मुलांना त्या खोलीबाहेर ठेवावे.

चुना आणि डिस्टेंपर यांच्याबाबत खरे सांगायचे तर डाग पूर्ण घालवण्याचा आग्रह धरू नये. पाणी लावले की डिस्टेंपर विरघळते आणि पुसलेल्या जागेचा वेगळा चट्टा दिसू लागतो. हेअर ड्रायरची ऊब, बोट आणि खोडरबर एवढ्यावरच थांबावे. माडाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, स्वयंपाकघरात हाताशी असतो म्हणून तो चुन्याच्या भिंतीवर लावण्याचा मोह होतो, पण चुना आम्लात विरघळतो आणि भिंतीला खड्डा पडतो. जुन्या घरांतल्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांनाही हेच लागू आहे, कारण शिंपलाही त्याच जातीच्या द्रव्याचा बनलेला असतो. चौकटीच्या ऑइल पेंटवर काम करताना शिरका किंवा लिंबू शिंपल्यांवर जाता कामा नये. चुन्यावरचा डिंक जाईल तेवढा कोरडा काढून, पावसाळ्यानंतर रंग देण्याची वेळ येईल तेव्हा ती जागा नीट करावी. मात्र डिंक तसाच ठेवून त्यावर रंग देऊ नये. पाण्यातला रंग चिकट जागेवर धरत नाही आणि डाग नव्या थरातून पुन्हा वर येतो.

लाखेचे पॉलिश असलेल्या लाकडावर स्पिरिट आणि सॅनिटायझर पूर्ण वर्ज्य समजावेत, कारण लाख मुळात स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेली असते. तिथे खोबरेल तेल थोडे थोडे लावून फडक्याने पुसावे. ड्रायरही वापरू नये, कारण उष्णतेने लाख पांढरी पडते.

गाडीचे काम सावलीत करावे. कंपनीतून भाजून आलेला रंग पुष्कळ सोसतो. गॅरेजमध्ये नंतर मारलेला रंग कमी सोसतो, म्हणून अपघातानंतर दुरुस्त केलेल्या दारावर टर्पेंटाइनचीसुद्धा आधी आतल्या कडेला चाचणी घ्यावी. स्टिकर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, ब्लेडने कधीही नाही, आणि तेल लावून राहिलेला डिंक काढल्यावर गाडी शाम्पूने धुवावी. स्टिकरच्या जागी गडद आकृती दिसली तर तो डिंक नव्हे. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो, आणि ती रेषा गाडीच्या पॉलिशने थोडी मंद करता येते. फ्रिजच्या पत्र्याला तेल आणि साबण दोन्ही चालतात, पण दाराच्या प्लास्टिकच्या मुठीला आणि रबरी पट्टीला टर्पेंटाइन लागू देऊ नये.

आपल्या हवामानाचा मुद्दा राहिला. चवथ भर पावसाळ्यात येते, तेव्हा चिऱ्याच्या भिंतींत ओल असते आणि ओलीमुळे रंगाची भिंतीवरची पकड आधीच सैल झालेली असते, म्हणून सजावटीची टेप महिनाभर ठेवू नये. ती दिवसागणिक अधिक घट्ट बसते, तर खालचा रंग अधिक कमजोर होतो. विसर्जनानंतरच्या दोन-तीन दिवसांतच ऊब देऊन ती उतरवावी आणि भिंतीवरचा डिंक कोरड्या पद्धतीने जेवढा निघेल तेवढा काढावा. साबणपाण्याचे काम भिंत वाळल्यावर, नोव्हेंबरात केले तरी चालते. घर नुकतेच रंगवले असेल तर निदान एक महिना त्या भिंतीला कोणतीही टेप लावू नये, कारण हाताला कोरडा लागणारा रंग आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो. मखरामागचा पडदा टेपऐवजी खुंट्यांना बांधलेल्या सुतळीवर टांगता आला, तर तोच मार्ग पत्करावा.